बारीत उरलेला दगड

एक दगड. नदीतला, नारळाएवढा. एका अंगाला हिरवं शेवाळ, अजून ओलसर. निळ्या टॉवेलात गुंडाळलेला.

*

नंदुरबारच्या एका ग्रुपवर गुरुवारी आलेला मेसेज: रविवारची चढाई. शहरापासून गाडीने दोन तास. सकाळी निघून अंधाराच्या आत घरी. स्वेटर आणा, तो दहा वाजता काढावा लागेल. डबा आपापला. वर स्पीकर वाजवायचा नाही, गावाचा नियम आहे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी घरीच हरभऱ्याची भाजी खावी.

*

फोटोत आठ माणसं. मागे दरी, दरीत धुकं. सगळे हसताहेत. वेळ अकरा बावन्न.

*

रायसिंगच्या नव्या घराला भिंत चढते आहे. गावात एकतीस घरं, अंगणात एकतीस माणसं. म्हातारा धुडकू पाणी वाटतो आणि कुणाला पाजलं ते विसरत नाही.

*

एका पायमोज्यात अडकलेली कुसळं.

*

दुसरा दगड. हाही नदीतला, पण मुठीएवढा. डोंगराच्या बारीत, म्हणजे खिंडीत, वाटेच्या कडेला, एकटा.

१

हॉर्न थांबेना, तेव्हा रमिलाबाईंनी हातातला मातीचा गोळा रायसिंगच्या भिंतीवर थापला आणि कोपरापर्यंत माखलेल्या हातांनी त्या नदीकडे निघाल्या. दुपारचे सव्वादोन वाजले होते. उंबरपाणीत त्या दिवशी लाह होती. लाह म्हणजे एकाच्या घराला सगळ्या गावाचे हात. मजुरी नाही, काम संपल्यावर जेवण. लाहीच्या दिवशी गावात कुणाला लांबून हाक मारावी लागत नाही, सगळे एकाच अंगणात असतात. तेव्हा हॉर्न मारणारा बाहेरचाच असणार.

नदीकाठी दोन गाड्या होत्या, आठ शहरी माणसं होती आणि त्यांच्या मधोमध सोनम उभी होती. सोनम रमिलाबाईंच्या भावाची मुलगी. दोन हिवाळे झाले, दर रविवारी ती नंदुरबार-शहाद्याकडच्या लोकांना डोंगरावर नेऊन आणायची. तिच्या पायाशी एक काळी पिशवी उघडी पडली होती. पिशवीत निळा टॉवेल, टॉवेलात दगड.

मोठ्या गाडीच्या खिडकीतून हात घालून हॉर्न दाबणारा माणूस सरळ झाला. हा योगेंद्र. तापीकाठच्या केळी-उसाच्या घरातला, ग्रुप त्यानेच जमवलेला. डोंगरावर तो याआधी तीनदा येऊन गेला होता.

"पोलीस पाटील तुम्हीच ना? मन्हा कॅमेरा कोठे शे, इचारा तिले," तो म्हणाला, आणि मग समोर गावची अधिकारी बाई आहे हे लक्षात येऊन शाळेतल्या मराठीत शिरला.

त्याचं म्हणणं सरळ होतं. वर माळावर पोचल्यावर त्याने फोटो काढले, मग मोठ्या भिंगाचा कॅमेरा सगळ्यांसमोर या पिशवीत ठेवला आणि पिशवी सोनमच्या हवाली केली. उतरताना पिशवी सतत तिच्या पाठीवर. बारीत पोचल्यावर ही म्हणाली, एक माणूस मागे राहिला. सगळ्यांना तिथं बसवून पिशवीसकट परत वर पळाली. अर्ध्या तासाने आली. खाली येऊन पिशवी उघडली, तर आत धोंडा.

"आणि मागे कुणी राहिलं नव्हतं," योगेंद्र म्हणाला. "आठच्या आठ आम्ही तिथं बसून होतो. मोजा की."

रमिलाबाईंनी सोनमकडे पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते. चिडली की ती अशीच दिसायची, लहानपणापासून.

"एक दगड उरला होता, फुई," ती म्हणाली.

योगेंद्र हसला. बाकीचे हसले नाहीत. त्याने खिशातून घडी घातलेला कोरा कागद काढला, गाडीच्या बॉनेटवर ठेवून झरझर काहीतरी लिहिलं आणि पुढे केला. पोलीस ठाणं नको, म्हणाला, गरीब पोरीचं वाटोळं कशाला. डोंगरावर माणसं नेणाऱ्या गावच्या समितीने फक्त एवढं लिहून द्यावं, की तो विषय संपला. तुमचा शिक्का आणि सही, बास.

रमिलाबाईंनी कागद मातीच्याच हाताने घेतला. वाचला. पुन्हा एकदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना त्या एका ओळीवर थांबल्या. मग मागोमाग आलेल्या रायसिंगला सांगितलं, घरातली खाट आण.

खाट आली. त्यांनी ती दोन्ही गाड्यांच्या पुढे, रस्त्यावर आडवी टाकली आणि तिच्यावर बसल्या.

"गाड्या हलणार नाहीत," त्या म्हणाल्या.

२

कारण असं, त्यांनी सांगितलं.

या डोंगरावर जाणारा माणूस नदीतून एक दगड उचलतो. चाळीस मिनिटं चढलं की बारी लागते. दोन सुळक्यांमधली ती खाच, इथून दिसते ती. तिथं वाटेच्या कडेला तो दगड ओळीत ठेवायचा आणि पुढे जायचं. परत येताना आपला दगड ओळीतून उचलून ढिगावर टाकायचा. ओळीत दगड आहे तोवर एक माणूस डोंगरावर आहे. लाकूडफाट्याला जाणाऱ्या बायकांनी हे सुरू केलं की गुरं चारणाऱ्यांनी, कुणाला ठाऊक नाही. एवढं ठाऊक आहे की दगड उरलेला दिसला तर मागच्याने पुढे जायचं नसतं. त्याने परत वर जायचं असतं.

"आज सकाळी सोनमसकट नऊ जण चढले," रमिलाबाई म्हणाल्या. "ओळीत नऊ दगड. येताना नऊ जणांनी नऊ उचलले आणि दहावा उरला. तो अजून तिथंच आहे ना गं?"

"तिथंच. मी हात लावला नाही."

"म्हणजे दहावा माणूस अजून डोंगरावर आहे. तो खाली येऊन त्याचा दगड उचलत नाही तोवर इथून कुणी जाणार नाही. नियम आमच्या माणसांना आहे तोच तुम्हाला आहे. सकाळी दगड उचललात तेव्हाच तुम्ही तो मान्य केला."

योगेंद्र म्हणाला, तो मोठ्या लोकांना ओळखतो. रमिलाबाई म्हणाल्या, ओळखत असणार, पण इथं फोन लागत नाही. लागतो तो टेकाडावरच्या चिंचेखाली, जाऊन या. तो गेला नाही.

मोठ्या गाडीचा ड्रायव्हर पायरीवर बसला होता. चाळिशीचा, काळा सडपातळ माणूस. त्याने मालकाकडे पाहिलं, खाटेकडे पाहिलं, आणि मान खाली घालून पायमोज्यातून काहीतरी वेचत राहिला.

३

पोलीस पाटलाच्या डायरीतून. अक्षर ठसठशीत, शाई हिरवी, कडेला मातीचे ठसे:

प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला. तुमचा दगड कुठं आहे?

शिक्षक नवराबायको, शहादा. दोघांचे ढिगावर. बाईंनी पांढरा दगड निवडला होता, टाकताना वाईट वाटलं म्हणतात.

कॉलेजचे तिघे. ढिगावर. एकाने दुरून नेम धरून टाकला, सोनमने त्याला परत टाकायला लावला.

सीमा, नर्स, चिंचपाड्याच्या मिशन हॉस्पिटलात. ढिगावर. जास्त बोलल्या. खाली लिहिते.

दिनेश, कॉलेजात शिकवतात, स्वतःची गाडी. ढिगावर. तेही जास्त बोलले.

योगेंद्र. "बाई, मन्हा कॅमेरा गया आनि तुम्ही दगड इचारी ऱ्हायनात." मग, ढिगावर.

सगळ्यांनी उत्तर देताना मान वर करून बारीकडे पाहिलं.

डायरी अशी भरत असताना सीमाताई खाटेच्या कडेला येऊन बसल्या, न विचारता. आठवडाभर सुया टोचायच्या आणि रविवारी डोंगर शोधायचा, असं त्यांचं चाललेलं असतं. त्यांनी सांगितलं की चढताना सोनमच्या एका हातात पाण्याचा कॅन होता आणि दुसऱ्यात तिचा दगड, लहानसा. पाठीवर योगेंद्रची पिशवी होती, पण रिकामी. कॅमेरा सगळी वाट त्याच्याच गळ्यात होता. वर गेल्यावर त्याने पिशवी उघडून टॉवेल झटकला आणि मग कॅमेरा ठेवला, हे त्यांनी शेजारून पाहिलं.

"आणि तो फोटो," सीमाताई म्हणाल्या. "सोनम येत नव्हती. म्हणत होती, मी पिशवीपाशी थांबते. योगेंद्रदादाच म्हणाले, माझ्या फोनवर तूच काढ, पिशवी काय पळून जाते का. कड्यापाशी दहा मिनिटं उभं केलं आम्हाला. कड्यावरच्या वाऱ्याने माझे दात वाजत होते, आणि हे म्हणे अजून एक, अजून एक."

"पिशवी कुठं होती तेव्हा?"

"बेहड्याच्या झाडाखाली. आमच्या सगळ्यांच्या पाठी."

दिनेशसर मान आखडून उभे होते. तो कॅमेरा त्यांना विकत हवा होता, योगेंद्रने दिला नव्हता, हे सगळ्या ग्रुपला ठाऊक होतं. म्हणून त्यांनी सुरुवातच अशी केली, की माझी झडती घ्या. रमिलाबाई म्हणाल्या, तुम्ही फोटोत आहात. मग सरांना जरा सैल वाटलं आणि ते यंत्राबद्दल बोलू लागले, भिंग केवढं, वजन किती. बोलता बोलता सहज म्हणाले, "योगेंद्रचं नशीब, निदान फोटो वाचले. कार्ड त्याने वरच काढून पाकिटात ठेवलं. एरवी घरी गेल्याशिवाय काढत नाही."

रमिलाबाईंनी हे लिहिलं. खाली रेघ मारली.

मग ड्रायव्हरला बोलावलं.

४

नाव इंद्रसिंग. गाव विचारलं तर तो म्हणाला, काठी गावाच्या पलीकडे एक पाडा आहे. म्हणजे डोंगरातलाच. योगेंद्रकडे सहा वर्षं गाडी चालवतो, शहाद्यात खोली आहे.

"होळीला जातोस काठीला?"

"दर वर्षी."

"मालक सुट्टी देतो?"

"नाही देत," इंद्रसिंग म्हणाला. "जातो तरी."

रमिलाबाईंना हा माणूस आवडला, आणि त्याचं त्यांना वाईट वाटलं.

त्याने सांगितलं की लोक चढायला गेले तसा तो गाडीत झोपला, दोन वाजता उठला. थंडी होती, काचा लावल्या होत्या. कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही.

"तुझा दगड कुठं आहे?"

"मी वर गेलोच नाही."

सगळ्यांनी बारीकडे पाहिलं होतं. याने आपल्या चपलांकडे पाहिलं. पट्ट्यांच्या चपला, आत लोकरी मोजे, आणि मोज्यांत घोट्यापर्यंत कुसळंच कुसळं. सुकलेल्या कुसळी गवताचा हा एक त्रास. बोटाने वेचू जावं तर टोक आणखी आत शिरतं. रमिलाबाईंनी बाकीच्या सोळा पायांकडे नजर टाकली. धूळ होती, एकाच्या पायाला खरचटलं होतं. कुसळ एकही नव्हतं.

बारीच्या वाटेवर कुसळी उगवत नाही, इतकी ती पायाखालची आहे. कुसळी आहे ती डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, शेळ्यांच्या वाटेवर. ती वाट माळावरून थेट रस्त्याला पडते. उतरता येते, चढायला गेलं तर माती सुटते. आणि तिच्यात बारी लागत नाही.

त्या उठल्या, पिशवीपाशी गेल्या आणि दगड हातात घेतला. तळहाताला ओल लागली. टॉवेलही ओला होता. शेवाळ हिरवं होतं, बोटाने दाबलं तर पाणी सुटत होतं. बारीतला ढीगही नदीतल्याच दगडांचा, पण ते सगळे मुठीएवढे, आणि वर्षांनुवर्षं वारा खाऊन पांढरे पडलेले. हा आज सकाळपर्यंत पाण्यात होता.

मागून योगेंद्रचा आवाज आला. साडेतीन वाजले, तो म्हणाला, तुमचं नाटक झालं असेल तर सही करा. नाहीतर मी सरळ ठाण्यात जातो, आणि मग पोरीच्या हातात बेड्या पडल्या की माझ्या नावाने रडू नका.

सोनम पुढे आली. "फुई, कर सही," ती म्हणाली. "माझ्यासाठी गाव कशाला अडकवतेस. मी नाही येणार यापुढे वर."

"तू गप बस," रमिलाबाई म्हणाल्या. "तुझ्यासाठी कोण करतंय."

५

त्यांनी नदीवर जाऊन हात धुतले. दुपारपासून पहिल्यांदा. मग खाटेवर न बसता उभ्या राहिल्या आणि शाळेतली मराठी काढली. ती त्या क्वचित काढायच्या, पण ठेवणीतली असूनही तिला घडी पडलेली नव्हती.

लाहीवरची माणसंही एव्हाना येऊन उभी होती. हातांना माती, कुणाच्या खांद्यावर बांबू.

"हा कागद मी वाचून दाखवते," त्या म्हणाल्या. "आम्ही, उंबरपाणीची समिती, लिहून देतो की आमच्या वाटाड्या मुलीने पाहुण्याच्या सामानाची चोरी केली असून, गट क्रमांक सत्तेचाळीसमधील माळावर येणाऱ्या लोकांची जबाबदारी घेण्यास आम्ही असमर्थ आहोत."

कागद खाली घेतला.

"दिनेशसर, तुम्ही पाच वेळा या माळावर आलात. त्याचा गट क्रमांक काय?"

दिनेशसरांनी खांदे उडवले. सीमाताई म्हणाल्या, माळाला क्रमांक असतो हेच मला आत्ता कळलं.

"परवा मंगळवारी तालुक्याला बैठक आहे. या माळावर लोकांना कुणी न्यायचं, गावाने की तंबू टाकणाऱ्या कुठल्याशा कंपनीने, ते ठरणार आहे. कंपनीच्या मागे कोण, ते आम्हाला ठाऊक नव्हतं. योगेंद्रभाऊंना मात्र क्रमांक तोंडपाठ आहे. बॉनेटवर कागद ठेवून, न अडखळता लिहिला."

"सातबारा कुणीही काढू शकतो," योगेंद्र म्हणाला.

"काढू शकतो. फिरायला येणारा काढत नाही."

मग त्यांनी दगड उचलून दाखवला.

"हा आज पाण्यातून निघाला. ओल अजून आहे. म्हणजे कुणीतरी तो मुद्दाम इथून वर नेला. सोनमच्या दोन्ही हातांत काय होतं ते सीमाताईंनी पाहिलं. पिशवी रिकामी होती, ती तुम्ही स्वतः झटकलीत. बारीतून एकटी परत वर गेली तेव्हा असा दगड तिला तिथं कुठून मिळणार? तिच्याजवळ हा नव्हता. आणि पिशवी एकटी होती ती फक्त दहा मिनिटं, फोटो चालला होता तेव्हा. त्या वेळी आठ जण फोटोत, नववी फोटो काढणारी. नऊपैकी कुणीच पिशवीजवळ नाही."

"मग भुताने नेला का?"

"दहाव्याने नेला. दगड ठेवून गेलाय ना तो, मोजून. आता बघा हं. चोरून डोंगर चढणारा शहरातला माणूस बारीत दगड कशाला ठेवेल? त्याच्यासाठी ती गंमत आहे, सोनम पुढे असली तर करायची. एकटा असताना ठेवतो तो डोंगरातच वाढलेला. त्याचा हात आपोआप जातो. म्हणजे आमच्यातलाच. हे मला कळलं तेव्हा मलाही गोड वाटलं नाही. पण उंबरपाणीचा नव्हे. धुडकूबाबा, आज अंगणात कोण नव्हतं?"

"सगळे होते, घरटी एक, सकाळपासून एकतीस," धुडकू म्हणाला. "मी मेलो असतो तर तीस."

लोक हसले. योगेंद्र हसला नाही.

"तर डोंगरात वाढलेला, या गावचा नसलेला, सकाळी या नदीवर असलेला. चढताना बारीतून गेला, उतरताना शेळ्यांच्या वाटेने, कुसळीतून. म्हणून त्याला दगड उचलता आला नाही. आणि त्याला वेळ माहीत होती. कोण कधी कड्यापाशी उभं राहणार, पिशवी कुठल्या झाडाखाली असणार, हे त्याला आधी सांगितलेलं होतं. पिशवीपाशी थांबणाऱ्या मुलीला कुणी हलवलं? कॅमेरा जाणार हे माहीत असल्यासारखं त्यातलं कार्ड आधीच काढून पाकिटात कुणी ठेवलं?"

दिनेशसरांचा हात नकळत स्वतःच्या पाकिटावर गेला. मग ते योगेंद्रकडे पाहत राहिले.

"दगडावरून माणूस चोर ठरतो का?" योगेंद्र म्हणाला. आवाज चढला होता. "झडती घ्या माझ्या गाडीची. घ्या ना. कायद्याने तुम्हाला येते का घेता?"

"नाही येत," रमिलाबाई म्हणाल्या. "मी कुणाची झडती घेणार नाही, आणि मी कुणाचं नावही घेतलेलं नाही. दगडावरून माणूस चोर ठरत नाही. दगडावरून माणूस मोजला जातो. ज्याचा तो आहे त्याने जाऊन उचलावा. मी बसते."

आणि त्या बसल्या.

६

पाच मिनिटं गेली असतील. सावल्या नदीच्या अर्ध्यापर्यंत आल्या. कॉलेजच्या मुलांनी स्वेटर चढवले. सोनम बारीकडे तोंड करून उभी होती, कुणाकडे न पाहता.

इंद्रसिंग उठला. गाडीच्या मागे गेला, जादा चाकाचं झाकण काढलं, आतून आपला स्वेटर ओढला. स्वेटरात कॅमेरा होता. तो त्याने आणून खाटेवर, रमिलाबाईंच्या शेजारी ठेवला. मग खिशातून गाडीची किल्ली काढून कॅमेऱ्यावर ठेवली.

"इंद्रा," योगेंद्र म्हणाला. "शाना व्हऊ नको."

इंद्रसिंग त्याच्याशी बोललाच नाही. तो रमिलाबाईंशी बोलला, आणि मराठीत नाही, घरच्या बोलीत, म्हणजे लाहीवरून आलेल्या सगळ्यांना कळलं आणि योगेंद्रला कळलं नाही. तो म्हणाला, मालकाने सांगितलं होतं की गंमत करायची आहे. कॅमेरा खाली आणून ठेव, दगड घाल, पोरं घाबरतील, मग हसू. पोरीला चोर म्हणायचं, कागद लिहून घ्यायचा, हे मला गाडीपाशी उभं असताना कळलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोललो. सहा वर्षं न बोलायची सवय.

मग मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हणाला: "दगड माझा आहे. आणतो उचलून."

आणि तो बारीच्या वाटेला लागला. मागे वळून पाहिलं नाही.

योगेंद्रने किल्लीकडे हात केला. रमिलाबाई हलल्या नाहीत, पण रायसिंग खाटेच्या पलीकडे येऊन उभा राहिला, खांद्यावर बांबू होताच. योगेंद्रने हात मागे घेतला.

"गंमत व्हती बाई," तो म्हणाला. "गंमत कयत नही का तुम्हले?"

"कळते ना," रमिलाबाई म्हणाल्या. त्यांनी तोच कागद उलटा केला, मांडीवर डायरी घेतली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागल्या. हिरव्या शाईत, सावकाश, वेळा घालून. सीमाताईंनी पहिली सही केली. दिनेशसरांनी दुसरी, आणि खाली कॉलेजचं नाव लिहिलं, कुणी सांगितलं नसताना. शिक्षक नवराबायकोंनी केली. मुलांनी केली. सोनमने शेवटी केली, आणि साक्षीदार या शब्दाखाली आपलं नाव वाचून दोनदा खात्री केली.

"मंगळवारी मी हाच कागद टेबलावर ठेवणार," रमिलाबाई योगेंद्रला म्हणाल्या. "दोन्ही बाजू. तुमची आधी वाचू देईन."

मग वाट पाहणं उरलं. बारी उन्हात होती, खाली थंडी पडली होती. योगेंद्र गाडीत जाऊन बसला आणि काचा वर केल्या. बाकीचे लाहीवाल्यांच्या शेकोटीपाशी गेले. धुडकूने सीमाताईंना विचारलं की सुई कमी दुखेल अशी कुठं टोचता येते. त्या म्हणाल्या, दुसऱ्याला.

पाऊण तासाने सोनम म्हणाली, "तो बघ."

दोन सुळक्यांच्या खाचेत एक माणूस उभा होता, आगकाडीएवढा. त्याने एक हात वर केला. हातात काय आहे ते इतक्या लांबून दिसत नव्हतं, पण त्याने तो हात सगळ्यांना दिसेपर्यंत वर धरून ठेवला, मग खाली केला.

"झालं," सोनम म्हणाली. "डोंगरावर कुणी नाही."

रमिलाबाईंनी कॅमेरा आणि किल्ली योगेंद्रला परत दिली आणि खाट उचलायला सांगितलं.

मोठी गाडी योगेंद्रने स्वतः चालवत नेली. पहिल्या वळणावर तिने गियर बदलताना जो आवाज केला तो ऐकून रायसिंगने तोंड वाकडं केलं. बाकीचे सगळे दिनेशसरांच्या गाडीत बसले, मांडीवर मांडी. पुढच्या रविवारी येतो, असं सरांनी सोनमला सांगितलं. तिने, दगड लहान निवडा, एवढंच उत्तर दिलं.

इंद्रसिंग उतरून आला तेव्हा रायसिंगच्या अंगणात पंगत बसली होती. त्याला कुणी बोलावलं नाही आणि कुणी अडवलंही नाही. धुडकूने त्याच्यापुढे पान टाकलं, बत्तिसावं. भगर आणि तुरीची डाळ. तो जेवला, आणि जेवून झाल्यावर राहिलेल्या भिंतीला माती लावायला उभा राहिला.

रमिलाबाई त्याच्या शेजारी माती मळत होत्या.

"एवढी घाई होती तुला," त्या म्हणाल्या. "मालकाने वेळ बांधून दिलेली. कुणी बघत नव्हतं. दगड कशाला ठेवलास?"

"सवय," इंद्रसिंग म्हणाला, आणि भिंतीवर हात फिरवत राहिला.

०

सकाळी पावणेआठला, सगळे नदीत वाकून आपापला दगड निवडत होते तेव्हा, इंद्रसिंगने सोनमला विचारलं होतं की परत येताना बारीतले दगड अजून मोजतात का, आणि ती म्हणाली होती, रोज मोजतो.